फी भरायला प्लॉट विकू नका, आधी मेंटेनन्स लोनचा हिशोब बघा

ताई नमस्कार, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी इंग्लंडमध्ये इयर थर्टीनला, म्हणजे शाळेच्या शेवटच्या वर्षाला आहे, यूकासवर, म्हणजे युनिव्हर्सिटी प्रवेशाच्या तिथल्या सामाईक पोर्टलवर, पाच ठिकाणी अर्ज केले त्यातल्या चार ऑफर आल्यात, सगळ्या कंडिशनल, म्हणजे ठरलेले मार्क पडले तरच सीट. तुमच्या मिस्टरांचं म्हणणं की पोरीच्या डोक्यावर कर्ज नको, भारतातला प्लॉट विकून तिन्ही वर्षांची फी रोख भरून टाकू, आणि लोनचा फॉर्म भरायचाच झाला तर ऑगस्टमध्ये रिझल्ट लागल्यावर बघू. तुम्हाला ते पटत नाहीये पण त्यांना कसं सांगावं कळत नाहीये.

त्यांची काळजी मला अगदी समजते हो. आपल्याकडे कर्ज म्हटलं की बँकेचा हप्ता, नोकरी असो नसो दर महिन्याला भरायचाच, आणि थकला की घरी माणसं येणार. स्टुडंट फायनान्स इंग्लंडचं, म्हणजे तिथल्या सरकारी योजनेचं, लोन या जातीचं नाहीच. २०२३ च्या ऑगस्टपासून पुढे डिग्री सुरू करणाऱ्यांना परतफेडीचा प्लॅन फाइव्ह नावाचा नियम लागू आहे, त्यात वर्षाला २५,००० पौंडांच्या वर जेवढा पगार जाईल त्या वरच्या रकमेवर ९ टक्के कापतात, तेही पगारातूनच, टॅक्ससारखे. समजा तिला ३०,००० चा पगार लागला तर वरच्या ५,००० वर ९ टक्के म्हणजे वर्षाला ४५०, महिन्याला साडेसदतीस पौंड. नोकरी गेली, पगार कमी झाला, तर कपात शून्य. ४० वर्षांनी जे उरेल ते माफ. आता ४० वर्षं काही थोडी नाहीत आणि महागाईच्या दराने, म्हणजे आरपीआयने, व्याज चढतं हेही खरं, ते मी लपवणार नाही. पण पुढे चांगला पगार लागला आणि तुम्हाला वाटलं की संपवून टाकू, तर कधीही जास्तीचे पैसे भरता येतात, त्याला दंड नाही. म्हणजे प्लॉट तीन वर्षांनी विकायचा पर्याय तुमच्या हातात राहतोच. आज विकून फी भरलीत तर मात्र ते पैसे परत लोनमध्ये बदलून मिळत नाहीत.

आता खरा अडचणीचा मुद्दा, जो तुमच्या पत्रात कुठेच नाही. फीची चिंता तुम्ही करताय पण फीचं लोन उत्पन्न न बघता पूर्ण मिळतं आणि थेट युनिव्हर्सिटीला जातं. अडतं ते राहण्या-खाण्यात. त्यासाठीचं वेगळं लोन, मेंटेनन्स लोन, घरच्या उत्पन्नावर ठरतं. २०२५-२६ चे आकडे धरून सांगते, दरवर्षी थोडे बदलतात. लंडनबाहेर, घर सोडून राहणाऱ्या मुलीला जास्तीत जास्त १०,५४४ पौंड, पण ते घरचं उत्पन्न २५,००० पर्यंत असेल तर. तुमचं दोघांचं मिळून ६५,००० च्या आसपास आहे असं लिहिलंय, त्या उत्पन्नाला साधारण ४,९१५ मिळतात. म्हणजे ५,६२९ चा फरक, आणि तो आईबापांनी भरायचा असं सरकार गृहीतच धरतं पण तुम्हाला कोणी तसं स्पष्ट सांगत नाही, लोन मंजूर झाल्याच्या पत्रात फक्त तिला किती मिळणार तेवढा आकडा येतो. त्यात खोलीचं भाडं बऱ्याच ठिकाणी एकट्यानेच लोन खाऊन टाकतं. तेव्हा हाताशी जी बचत आहे ती यासाठी राखून ठेवा. दुसऱ्या वर्षी बाहेर घर घेताना घरमालक गॅरंटर मागतात तेव्हाही तुमचीच सही लागते.

रिझल्टची वाट बघू नका, हे मी दरवर्षी कानीकपाळी ओरडून सांगते. फॉर्म भरायला सीट पक्की असावी लागत नाही. पहिल्या पसंतीची युनिव्हर्सिटी टाकायची, ऑगस्टमध्ये इन्शुरन्सला, म्हणजे राखीव ठेवलेल्या दुसऱ्या पसंतीला, किंवा क्लिअरिंगमधून, म्हणजे उरलेल्या जागांच्या फेरीतून, तिसरीकडेच जावं लागलं तर ऑनलाइन बदलता येतं. मे महिन्यातल्या मुदतीच्या आत गेला की टर्म सुरू होताना पैसे खात्यात असतात. उशिरा भरला तरी लोन मिळतं हो, पण मागच्या एका मुलाचं सांगते, अर्ज वेळेत होता, फक्त वडिलांनी उत्पन्नाची माहिती दिली नव्हती. ईमेल आलेला, त्यात नॅशनल इन्शुरन्स नंबर (तिथला नोकरी-कराचा सरकारी नंबर) मागितला म्हणून त्यांना तो फ्रॉड वाटला आणि डिलीट केला. सप्टेंबरच्या शेवटी पोरगं होस्टेलच्या खोलीत बसून मला फोन करतंय, भाड्याचा पहिला हप्ता देय आणि खात्यात फक्त किमान रक्कम आलेली, उरलेली यायला नोव्हेंबर उजाडला.

तुम्ही नऊ वर्षं तिथे आहात आणि आयएलआर, म्हणजे तिथे कायम राहायची परवानगी, मिळून चार वर्षं झाली, त्यामुळे पात्रतेची अडचण मला दिसत नाही. पण वर्क व्हिसावर असलेल्या वाचकांनी हे वाचून लगेच निश्चिंत होऊ नका. होम फी, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांपेक्षा कमी असलेली स्थानिक फी, लागणार का हे युनिव्हर्सिटी ठरवते आणि लोन मिळणार का ते स्टुडंट फायनान्स ठरवतं, दोन्ही वेगळे निर्णय. आयएलआर कोर्स सुरू व्हायच्या आधी हातात आहे का याने सगळं गणित बदलतं, तेव्हा दोघांनाही लेखी विचारा.

अजून एक, फॉर्ममध्ये तुमच्या उत्पन्नाची माहिती युनिव्हर्सिटीला द्यायची संमती विचारतात, तिथे हो म्हणा. काही युनिव्हर्सिट्या त्यावरूनच बर्सरी, म्हणजे आर्थिक मदत, ठरवतात, आणि ती परत करायची नसते. तुमचं उत्पन्न कदाचित मर्यादेच्या वर जाईल पण विचारायला काय जातंय. आणि फॉर्ममध्ये ज्या करवर्षाचं उत्पन्न मागितलंय त्याच्या मानाने तुमच्या दोघांच्या उत्पन्नात १५ टक्के किंवा जास्त घट झाली असेल तर चालू वर्षाच्या उत्पन्नावर हिशोब करून मागता येतो, तुम्ही अर्धवेळ काम घेतलंय असं लिहिलंय म्हणून आठवलं, पेस्लिपा काढून बघा.

या शनिवारी लेकीला लॅपटॉप घेऊन बसवा आणि शेजारी तिच्या बाबांना बसवा, कारण पालकाचं वेगळं खातं त्यांना स्वतःच उघडायचं आहे.