या नोकरीला म्हणायचं तरी काय?

ऐरोलीहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. ते रबाळे एमआयडीसीत टूलरूमचे सुपरवायझर आहेत. मुलगी ठाण्याच्या कॉलेजात टी.वाय. बी.एस्सी.ला आहे, विषय फिजिक्स. पत्रातला मुद्द्याचा भाग असा:

"मॅडम, मुलगी हुशार आहे, पण काय करायचंय ते मला कळत नाही. एम.एस्सी. कर म्हटलं, नको म्हणते. बँकेच्या परीक्षा दे म्हटलं, नको. बी.एड. करून शिक्षिका हो म्हटलं, तर म्हणते, मला नुसतं शिकवायचं नाही, शाळांमधलं विज्ञान सुधारायचंय, विज्ञानाच्या शिक्षकांना मदत करायचीय. अशी नोकरी असते का? माझे मेव्हणे न्यू जर्सीला असतात. ते म्हणतात, तिकडे 'सायन्स सुपरवायझर' असतो. इथे काय असतं? पगार किती? उद्या स्थळं बघायला लागलो तर बायोडेटात काय लिहू?"

नमस्कार.

तुमचे मेव्हणे बरोबर सांगताहेत. अमेरिकेत एका भागातल्या सरकारी शाळा मिळून एक डिस्ट्रिक्ट असतो, आणि बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये विज्ञानासाठी वेगळा सुपरवायझर किंवा कोऑर्डिनेटर नेमलेला असतो. कुठल्या इयत्तेला काय आणि कोणत्या क्रमाने शिकवायचं, प्रयोगाचं साहित्य कुठून आणायचं, नव्या शिक्षकाच्या तासाला मागच्या बाकावर बसून काय बघायचं, हे त्याचं काम. नॅशनल सायन्स एज्युकेशन लीडरशिप असोसिएशन अशी त्यांची संघटनासुद्धा आहे. इंग्लंडमध्ये शाळेच्या लॅबला टेक्निशियन असतात, आणि त्यांना एखाद्या रसायनाबद्दल अडलं तर विचारायला क्लीप्स नावाची संस्था आहे. आपल्याकडे हेच काम पाच-सहा ठिकाणी विखुरलेलं आहे, आणि बहुतेक ठिकाणी दुसऱ्याच कुठल्या तरी पदाच्या पोटात शिरून बसलंय. नाव सापडत नाही ते त्यामुळे.

म्हणून नाव राहू द्या, आधी काम सांगते. पावसाळ्यातला सातवीचा वर्ग आहे. बाईंनी स्टीलच्या पेल्यात बर्फ घातला, पेल्याला बाहेरून थेंब आले. "हवेतल्या बाष्पाचं संघनन," बाईंनी सांगितलं, मुलांनी लिहून घेतलं, पान उलटलं. आता त्याच मुलांना मधल्या सुट्टीत गाठा आणि हे पाणी आलं कुठून ते विचारा. काहीजण हमखास सांगतील, आतून झिरपलं. वहीत एक आणि मनात दुसरंच. तुमची मुलगी म्हणते ते काम इथे सुरू होतं. ती बाईंना सांगणार: उत्तर इतक्यात देऊ नका. झिरपलं म्हणणाऱ्याला विचारा, पेल्यात लाल रंग कालवला तर बाहेरचे थेंब कसे दिसतील? वर झाकण ठेवून पेला स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवला, तर थेंब जमल्यावर वजन तेवढंच राहील की वाढेल? पाणी आतलंच असेल तर वाढायचं काही कारण नाही. काटा दोन-तीन ग्रॅम वर सरकला की वर्गात वाद पेटतो, आणि तो मिटवायची घाई करायची नसते. ठाण्याच्या जुलैच्या हवेत हा प्रयोग झकास होतो. जानेवारीच्या कोरड्या दिवसात फजिती होऊ शकते, तीही बाईंना आधी सांगून ठेवावी लागते. शिवाय तास पस्तीस मिनिटांचा, मुलं साठ, काटा एकच. हे सगळं बसवून देणारं माणूस म्हणजे तुमच्या मुलीच्या मनातली नोकरी.

आता थोडं माझं. मी नऊ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. कुठल्या, ते सांगत नाही. लॅब होती, किल्ली ऑफिसात. सूक्ष्मदर्शक खोक्यातून बाहेर आलेच नाहीत, कारण एखादा फुटला तर डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीला, उत्तर कोण देणार? मला प्रयोग करायला शिकवलं ते लॅबच्या मामांनी. कुठली परीक्षानळी तापवली की तडकणार, पावसाळ्यात लिटमस कागद कसा कोरडा ठेवायचा, आम्ल पाण्यात घालायचं की पाणी आम्लात (हे पुस्तकातही असतं, पण मामांनी हात धरून थांबवल्यावर जन्मभर लक्षात राहिलं). त्यांचं पद प्रयोगशाळा परिचर, शाळेत पगार जवळजवळ सगळ्यात कमी. शाळेतल्या विज्ञानाला आधार देणारी माणसं म्हटलं की मला आधी ते आठवतात.

मुलीला एक जुनी गोष्ट जरूर सांगा. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात, १६ शाळांमध्ये, विज्ञान प्रयोगांतून शिकवायचा एक कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी तो उभा केला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले लोक तिथे जाऊन सरकारी शाळांतल्या गुरुजींबरोबर बसायचे. १९८२ पासून एकलव्य संस्थेने तो पुढे नेला आणि तो हजारच्या आसपास शाळांत पोचला. २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला, तो कडवट भाग वेगळा. मला त्यातली व्यवस्था महत्त्वाची वाटते. परीक्षेला पुस्तक उघडायची मुभा होती. शिक्षकांची दर महिन्याला बैठक व्हायची, तिला ते मासिक गोष्ठी म्हणत. प्रशिक्षण झाल्यावर कोणीतरी शाळेत जाऊन बघायचं, त्याला अनुवर्तन म्हणत. मुलांनी प्रश्न विचारायला सवालीराम नावाचा एक काल्पनिक गृहस्थ होता. पोरं त्याला पत्रं लिहायची आणि त्याच्या नावाने खरीखुरी उत्तरं जायची. एका शिबिरात शिक्षक बदलत नाही, पुन्हा पुन्हा जावं लागतं, हे त्या लोकांनी तेव्हाच ओळखलं होतं.

अरविंद गुप्ता तिथलेच. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, पुण्यात टेल्कोत नोकरीला होते, १९७८ मध्ये रजा काढून होशंगाबादला गेले. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काड्यापेटीच्या काड्या जोडून त्रिकोण, चौकोन, घनाकृती करायची त्यांची युक्ती तिथली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तुम्ही टूलरूमचे, एकदा व्हॉल्व्ह ट्यूब आणून करून बघा. चौकोन दाबला की वाकतो, त्रिकोण वाकत नाही. फॅब्रिकेशनवाल्याला ह्याचं कारण सांगायला नको.

आता आपल्याकडे हे काम कुठे कुठे मिळतं ते बघू. सरकारी बाजूला आसपासच्या शाळांचा गट सांभाळणारे केंद्रप्रमुख असतात, समग्र शिक्षा अभियानात शिक्षकांना मदत करणाऱ्या कंत्राटी साधनव्यक्ती असतात, जिल्ह्याच्या डाएटमध्ये (शिक्षकांना प्रशिक्षण देणारी सरकारी संस्था) अधिव्याख्याते असतात, पुण्याला एससीईआरटी, म्हणजे राज्याची शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषद आहे. यातल्या पुष्कळांचा दिवस माहिती भरून पाठवण्यातच जातो, हेही खरं. खासगी बाजूला नवी मुंबईतल्या मोठ्या सीबीएसई शाळांत सायन्स एचओडी (विज्ञान विभागप्रमुख), अॅकॅडमिक कोऑर्डिनेटर अशी पदं आहेत. तिथे एखाद्या चांगल्या मुख्याध्यापिकेच्या हाताखाली मुलगी पुष्कळ शिकेल, वाईट मिळाली तर नुसतं वेळापत्रक लावत बसेल. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र १९८५ पासून आहे, तिथल्या शैक्षणिक विभागाच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावं. रोबोटिक्स आणि स्टेम किट विकणाऱ्या कंपन्याही फ्रेशर घेतात. तिथे मुलाखतीत एकच विचारायचं: महिन्याचं टार्गेट मुलांचं आहे की किटचं? नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅबसाठी (मुलांनी हाताने वस्तू बनवून बघायची शाळेतली प्रयोगशाळा) २०१६ पासून शाळांना २० लाखांपर्यंत अनुदान मिळत आलंय. मी पाहिलेल्या दोन लॅबमध्ये थ्रीडी प्रिंटरवर कापड घातलेलं होतं. यंत्र आलं, चालवणारं माणूस नाही. तुमच्या मुलीसारख्यांची गरज तिथे दिसते, पद मात्र अजून नीट तयार झालेलं नाही.

आणि मानखुर्द. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं, १९७४ पासूनचं. तुम्ही ऐरोलीचे, म्हणजे वाशीला गाडी बदलली की पुढचंच स्टेशन. लोकांना ते ऑलिम्पियाडमुळे माहीत असतं, पण तिथे विज्ञान शिक्षणातच पीएच.डी. करता येते. मूल वर्तुळाकार गती समजताना नेमकं कुठे अडकतं, आकृती काढताना त्याच्या डोक्यात काय चाललेलं असतं, यावर माणसं वर्षानुवर्षं काम करतात. पीएच.डी.ला मास्टर्स लागतं. प्रकल्पांवर ठरावीक मुदतीची पदंही निघतात. मुलगी तिथे एकदाही गेली नसेल तर आश्चर्य वाटायला नको, ठाण्याची निम्मी मुलं गेलेली नसतात. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या आसपास केंद्राचे कार्यक्रम असतात, तेव्हा पाठवा.

आता तुमच्या आणि तिच्या भांडणाबद्दल. यात मी तुमच्या बाजूची आहे, पण कारण वेगळं. ज्याने लेथवर हात काळे केले नाहीत त्याला तुम्ही टूलरूमचा सुपरवायझर कराल का? वीस वर्षं शिकवलेल्या बाईंना तेवीस वर्षांची मुलगी तास कसा घ्यायचा ते सांगायला गेली, तर बाई हसून चहा देतील आणि दार लावून घेतील. म्हणून आधी चार-पाच वर्षं वर्ग. साठ मुलांचा, शक्यतो मराठी माध्यमाचा किंवा महापालिकेचा. शिकवणं तिला खालची पायरी वाटत असेल तर ते तिच्या मनातून काढायला हवं, आणि ते काम तुमचं नाही, वर्गाचं आहे. तुम्ही बोलू नका.

पायऱ्या अशा. सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, देऊन दोन वर्षांचं बी.एड. पहिली ते आठवी शिकवायचं तर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. अनुदानित आणि जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी टेट, म्हणजे अभियोग्यता चाचणी, आणि शिक्षकभरतीचं सरकारी पवित्र पोर्टल. ही चाचणी २०१७ नंतर थेट २०२३ मध्ये झाली, मग २०२५ मध्ये. तिच्या भरवशावर घरी बसून राहू नये, खासगी शाळेत शिकवत राहावं आणि फॉर्म निघेल तेव्हा भरावा. निवड झाली की पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक. मानधन प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,०००, उच्च माध्यमिकला २०,०००; त्यानंतर वेतनश्रेणी. तुमच्या टूलरूममधल्या पोराला याहून जास्त मिळत असेल, मला कल्पना आहे. खासगी शाळांचे आकडे मी देत नाही, एका गल्लीतल्या दोन शाळांत दुप्पट फरक असतो.

एम.एस्सी. सोडू नका, पुढे ढकला. अकरावी-बारावीला शिकवायला, डाएटच्या वाटेने जायला, मानखुर्दला जायला, सगळीकडे मास्टर्स लागणारच आहे. चार वर्षं वर्गात काढून ती ते करेल तेव्हा कशासाठी करतोय हे तिला माहीत असेल. (ज्यांची मुलं आत्ता बारावीला आहेत त्यांनी भोपाळच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेचा चार वर्षांचा बी.एस्सी. बी.एड. पाहावा, एनसीईटी या प्रवेश परीक्षेतून. तुमच्या मुलीसाठी ती गाडी गेली.)

पत्रात तुम्ही लिहिलंय की ती संध्याकाळी सहावीच्या मुलांना होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेची तयारी करून घेते. १९८१ पासून मुंबईच्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेने ही स्पर्धा चालवली आहे, सहावी आणि नववीसाठी. शिक्षकांनीच उभं केलेलं एवढं मोठं काम आपल्या डोळ्यांसमोर आहे आणि आपण त्याकडे जाड नोट्स पाठ करायची परीक्षा म्हणून बघतो. लेखी परीक्षेनंतर तिथे प्रात्यक्षिक असतं, प्रकल्प असतो. तिला विचारा, तुझ्या क्लासमध्ये मुलांनी शेवटचं हाताने काय केलं?

ती गप्प बसली तर तिला काम द्या. राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत १० ते १७ वर्षांची मुलं आपल्या भागातला एखादा प्रश्न घेऊन प्रकल्प करतात, त्यांना एक मार्गदर्शक लागतो. सोसायटीतली चार मुलं जमवायची. काचेच्या पट्ट्यांना व्हॅसलिनचा पातळ थर द्यायचा, एक पट्टी खाडीच्या बाजूच्या गॅलरीत, एक हायवेजवळ, एक तुमच्या कारखान्याच्या गेटपाशी, दिवसभर ठेवायची, आणि भिंगाखाली धुळीचे कण मोजायचे. गेटपाशी ठेवायची परवानगी तुम्ही काढा. मोजताना मुलं चुकतील, एकच कण दोनदा मोजतील, वाऱ्याची दिशा लिहायला विसरतील. तेव्हा तुम्ही मुलांकडे बघू नका, मुलीकडे बघा. ती पट्टी हातातून काढून घेऊन स्वतः मोजायला लागते, की मागे सरून "दोघांची बेरीज वेगळी का आली रे?" एवढंच विचारते?

तीन रविवार झाले की मला कळवा. तोवर बायोडेटात बी.एस्सी. फिजिक्स लिहा.