वागणुकीला टक्के मिळत नाहीत : दिव्यांग दाखल्याविषयी पालकांचे प्रश्न

मुलाच्या वागणुकीने मेटाकुटीला आलेल्या पालकांनी सरकारी सवलतींविषयी पाठवलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. नावे काढली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, चौथीत. गेल्या वर्षी एडीएचडीचे, म्हणजे लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता यांचे, निदान झाले. जागेवर बसत नाही, मुलांना ढकलतो, डायरीत रोज शेरा. शाळेच्या बाई म्हणतात, सिव्हिलमधून दिव्यांगत्वाचे टक्के काढून आणा, मग सवलती देऊ, नाहीतर दुसरी शाळा बघा. हा दाखला कसा काढायचा? — एक आई, चिंचवड

ताई, आधी नकोसे वाटणारे सांगून टाकते. नुसत्या एडीएचडीवर दिव्यांग दाखला मिळत नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार दिले आहेत, त्यांत एडीएचडी हा स्वतंत्र प्रकार नाही. ऑटिझम म्हणजे स्वमग्नता आहे, बौद्धिक दिव्यांगत्व म्हणजे पूर्वी ज्याला मतिमंदत्व म्हणत ते आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता म्हणजे आपण ज्याला एलडी म्हणतो ती आहे, मानसिक आजार आहे. ‘मारतो’, ‘ऐकत नाही’, ‘वर्गातून पळतो’ यांना कुठलाच रकाना नाही. दाखला देणाऱ्या वैद्यकीय बोर्डावरचे डॉक्टर वागणुकीला टक्के देत नाहीत, वागणुकीच्या मुळाशी जे निदान आहे त्याला देतात. पालकांची निम्मी धावपळ हे आधी न कळल्याने होते.

म्हणून तुमच्यासाठी खरा प्रश्न असा, की एडीएचडीबरोबर आणखी काही आहे का? अशा बऱ्याच मुलांना एलडीही असते आणि दंग्याच्या गोंगाटात ती झाकून जाते. गणिताच्या तासाला शांत आणि मराठीचे वाचन आले की बाकाखाली, असे काही होते का, ते बाईंना विचारा. एलडीची प्रमाणित चाचणी आठ वर्षे पूर्ण झाल्यावर होते, म्हणजे तुमचा मुलगा वयात बसतो. मुंबईत शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय आणि नायर इथे ही तपासणी होते. तुमच्या भागात कुठे होते ते जिल्हा रुग्णालयात कळेल. एलडीचा दाखला मिळाला तर परीक्षेत तासाला २० मिनिटे जादा वेळ, लेखनिक, गणितात कॅल्क्युलेटर अशा सवलतींचा रस्ता खुला होतो.

काही जण सुचवतात, ‘मानसिक आजारा’च्या रकान्यात बसवून बघा. त्या व्याख्येत विचार, मनःस्थिती, आकलन, दिशाभान किंवा स्मृती यांतला मोठा बिघाड अपेक्षित आहे. तो आहे की नाही हे मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील. तुम्ही मागे लागून रकाना बदलून घेण्यात अर्थ नाही.

आता ‘दुसरी शाळा बघा’ याबद्दल. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. त्याला दाखल्याची अट नाही. पुढच्या बाकावर बसवणे, लांबलचक काम तोडून देणे, मधूनच उठून फळा पुसायला लावणे, यालाही कुठले टक्के लागत नाहीत. डॉक्टरांकडून या गोष्टी पत्रावर लिहून घ्या, मुख्याध्यापकांना द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी बोलणे शाळेच्या फाटकाबाहेर विरून जाते, पोच घेतलेला कागद मात्र फाइलला लागतो.

प्रश्न : मुलगी सहा वर्षांची, ऑटिझम आहे. पुढच्या आठवड्यात सिव्हिलला बोर्डाची तारीख आहे. ती नव्या जागी एकदम गप्प बसते. भाऊजी म्हणतात, त्या दिवशी गोळी देऊ नका, उपाशी न्या, म्हणजे डॉक्टरांना खरे रूप दिसेल. — वडील, सांगली

भाऊजींना चहा पाजा, पण ऐकू नका. गोळी अचानक बंद केल्याने मुलीचे हाल होतील, आणि बोर्डाला दिसेल ते तिचे रोजचे रूप नसेल. भुकेने रडणारे मूल आणि ऑटिझममुळे कोलमडणारे मूल यांतला फरक त्या खोलीतल्या माणसांना कळतो.

ऑटिझमसाठी ‘इसा’ नावाची भारतीय मोजपट्टी वापरतात. तिच्यात ४० मुद्दे आहेत, प्रत्येकाला १ ते ५ गुण. एकूण ७० पेक्षा कमी भरले तर ऑटिझम धरत नाहीत. ७० पासून पुढे टक्के चढत जातात. मोजणी फक्त मुलीकडे बघून होत नाही, बराच भाग पालकांना विचारून भरला जातो. नजर देते का, एकच शब्द पुन्हापुन्हा म्हणते का, वेदना कळते का, स्वतःला इजा करते का. आणि इथेच आईबाप घसरतात. लोकांसमोर लेकीची बाजू सावरायची इतकी सवय झालेली असते, की ‘जेवते का स्वतः?’ म्हटल्यावर ‘हो, जेवते की’ असे निघून जाते. आपण घास करून ठेवतो, टीव्ही लावतो, ताट तेच लागते, हे राहूनच जाते.

आजपासून तारखेपर्यंत वही ठेवा. ‘खूप त्रास देते’ असे लिहू नका, असे लिहा : ‘मंगळवार. रिक्षावाले काका बदलले. २५ मिनिटे फाटकाशी लोळण, मनगटाला चावा, वळ उठला. आजीने उचलून घरात आणले. शाळा बुडाली.’ अशा आठ-दहा नोंदी, मोबाइलवर एक-दोन छोटे व्हिडिओ, वर्गशिक्षिकेचे पत्र आणि थेरपीचे जुने अहवाल, एवढे न्या. चांगले दिवसही लिहा. ज्या वहीत एकही बरा दिवस नाही, तिच्यावर कोण विश्वास ठेवील?

दिव्यांग दाखल्याच्या स्वावलंबन पोर्टलवर, म्हणजे सरकारी संकेतस्थळावर, अर्ज भरताना दिव्यांगत्वाचा प्रकार निवडावा लागतो, तो निदानाच्या कागदाशी जुळतो आहे ना, हे बघून घ्या. सायबर कॅफेतला पोरगा घाईत ‘मानसिक आजार’ दाबतो आणि तुमचे पहिले हेलपाटे चुकीच्या विभागात होतात. निकाल पटला नाही तर कलम ५९ खाली अपील करता येते. आणि लक्षण वाढवून सांगून, कागद बनवून लाभ घेतल्यास कलम ९१ आहे : दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. भाऊजींना हेही सांगा.

प्रश्न : ऑटिझम, ६० टक्के, पिवळे कार्ड मिळाले. मी खासगी कंपनीत आहे. करात काय सवलत? — वडील, नाशिक

दिव्यांग ओळखपत्राचे रंग असे : पिवळे कार्ड ४० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान, निळे ८० आणि वर, पांढरे ४० च्या खाली. बहुतेक सवलती ४० पासून सुरू होतात. १९६१च्या आयकर कायद्यातल्या कलम ८०डीडीनुसार अवलंबून असलेल्या दिव्यांग मुलासाठी ७५,००० रुपयांची वजावट मिळते, ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००. थेरपीची बिले कितीही झाली तरी वजावट तेवढीच. ऑटिझमसाठी १०-आयए नमुन्यातले वैद्यकीय प्रमाणपत्र लागते, ते मार्चच्या शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. ही वजावट जुन्या करप्रणालीतच आहे, त्यामुळे कंपनीत प्रणाली निवडण्याआधी दोन्हीकडचा हिशेब करून बघा. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने पुढच्या वर्षांसाठी कलमांचे क्रमांक बदललेले दिसतील.

तुमची पत्नी केंद्र सरकारच्या नोकरीत असेल तर बालसंगोपन रजेची १८ वर्षांची मर्यादा किमान ४० टक्के दिव्यांग अपत्याला लागू नाही, हेही पाहून ठेवा.

प्रश्न : माझा नातू १२ वर्षांचा आहे. मतिमंद, ७५ टक्के. अंगावर धावून येतो, घरातून पळून जातो. लेक एकटी आहे, मजुरीला जाते. मीच त्याला सांभाळते. आता माझ्याने धरवत नाही. काही पैसे मिळतात का? — एक आजी, लातूर जिल्हा

आजी, मिळतात, आणि तुमच्या घराचा हक्क या सगळ्या पत्रांत पहिला आहे.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करा. मुलगा अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालचा, असल्याने अर्ज लेकीने पालक म्हणून करायचा. दिव्यांगांसाठी वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे आणि महाराष्ट्रात किमान १५ वर्षांचे वास्तव्य लागते. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम महिना २,५०० रुपये झाली आहे. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, वास्तव्याचा पुरावा, दिव्यांग कार्ड आणि आधार जोडलेले बँक खाते, हे सगळे एकाच पिशवीत ठेवा. अर्ज समितीपुढे जातो, त्याला वेळ लागतो. पोचपावती सांभाळा आणि मधूनमधून तलाठ्यांकडे विचारत राहा.

दुसरे, राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारी संस्थेची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना. बौद्धिक दिव्यांगत्व, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी आणि बहुदिव्यांगत्व असणाऱ्यांना वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण. आधी तपासणी करावी लागत नाही, वयाची अट नाही. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला नोंदणीचे २५० रुपये, इतरांना ५००. फक्त आधी खर्च करून मग बिले पाठवायची असतात, ही गरीब घराची अडचण आहे खरी. तिसरे, ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. ग्रामसेवकांना त्याबद्दल लेखी अर्ज द्या. एसटीत दिव्यांगांना तिकिटावर ७५ टक्के सूट आहे, तपासण्यांसाठी लातूरला जाताना ती वापरा.

पैशांइतकेच दुसरे सांगते. १२ वर्षांचा मुलगा अचानक जास्त मारू लागला तर दात, कान, पोट, झटके, झोप हे आधी तपासून घ्यायचे. बोलता न येणारे मूल दाढ दुखली तरी मारते. जिल्हा रुग्णालयातल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, डीईआयसीत, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना पाहतात. त्याच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवू नका, ती फाटते. नंबर शर्टाच्या आतून शिवा.

तो १८ चा झाला की राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडून लेकीची कायदेशीर पालक म्हणून नेमणूक करून घ्यावी लागेल.

प्रश्न : मुलाला ऑटिझम आहे हे घरात मान्य आहे, पण सासूबाई आणि हे दाखला काढू देत नाहीत. म्हणतात, कायमचा शिक्का बसेल, पुढे नोकरी-लग्नात आडवे येईल. — एक आई, कोल्हापूर

दाखला पाकिटात ठेवायचा असतो, कपाळावर नाही. तो कुठे दाखवायचा, हे तुमच्या हातात आहे. लहान वयात तो बहुधा ठराविक मुदतीचा असतो, नंतर पुन्हा तपासणी होते. नोकरीचेच म्हणाल, तर सरकारी नोकऱ्यांतल्या चार टक्के आरक्षणात ऑटिझम आता येतो. लग्नाबद्दल सासूबाईंना मी काय सांगू? मुलगा पाच वर्षांचा आहे. मला यात शिक्क्यापेक्षा जास्त भीती दिसते ती ‘हे आपल्या घरात आहे’ हे कागदावर बघण्याची. म्हणून पुढच्या तपासणीला यजमानांना बरोबर न्या आणि डॉक्टरांच्या समोर बसवा, तुम्ही मध्ये निरोप्या होऊ नका.

प्रश्न : आम्ही रेडिंगला, इंग्लंडमध्ये असतो. मुलगा सात वर्षांचा, रोज उद्रेक होतात, निदानाच्या रांगेत दीड वर्ष आहोत. निदानाशिवाय डीएलए मागता येतो का? — एक आई

येतो. इथल्या आणि तिथल्या पद्धतीतला मोठा फरक हाच. डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स १६ वर्षांखालील मुलांसाठी आहे आणि त्यात त्याच वयाच्या इतर मुलांपेक्षा याला किती जास्त सांभाळ, देखरेख लागते हे बघतात. अडचणी तीन महिन्यांपासून असाव्यात आणि आणखी सहा महिने राहतील असे दिसावे. फॉर्म लांबलचक आहे. वर सांगलीच्या वडिलांना सांगितलेली वही तुम्हीही ठेवा, रात्रीच्या नोंदी विसरू नका. रात्री किती वेळा उठावे लागते यावर दर बदलू शकतो.

पण अर्जाआधी व्हिसा तपासा. डीएलए हा ‘पब्लिक फंड्स’मध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी मदतीत, मोडतो, आणि ज्याच्या व्हिसावर त्याला मनाई आहे त्याने तो घेतला तर पुढे इमिग्रेशनमध्ये महागात पडते. सर्वसाधारणपणे मुलगा गेल्या बारा महिन्यांतले किमान सहा महिने ब्रिटनमध्ये राहिलेला असावा लागतो. मुलाचा दर्जा काय आहे ते घेऊन आधी सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेकडे जा. स्कॉटलंडला राहायला गेलात तर तिथे या भत्त्याच्या जागी चाइल्ड डिसॅबिलिटी पेमेंट आहे.

प्रश्न : दाखल्याची मुदत मार्चमध्ये संपते. पुन्हा सगळे पहिल्यापासून का? — पालक, ठाणे

नाही. नूतनीकरणाचा अर्ज त्याच पोर्टलवर, जुना दाखला जोडून करा. बोर्ड पुन्हा तपासेल, म्हणून मधल्या काळातले थेरपीचे आणि शाळेचे अहवाल बरोबर ठेवा. डिसेंबरमध्येच अर्ज टाका. मुदत संपून नवा दाखला यायचा असताना शाळा परीक्षेची सवलत अडवून धरते आणि दहावीच्या वर्षात ते परवडणारे नसते.