सीरियल किलरवरचा, खऱ्या घटनेवर बेतलेला कोणता चित्रपट तुम्हाला विसरता येत नाही?

'मेमरीज ऑफ मर्डर'. २००३ चा कोरियन चित्रपट, दिग्दर्शक बाँग जून-हो, ज्यांना पुढे 'पॅरासाइट'साठी ऑस्कर मिळालं. मला शेवटही सांगावा लागणार आहे, तेव्हा चित्रपट पाहायचा असेल तर आधी पाहून या.

१९८६ ते १९९१ या काळात सोलच्या दक्षिणेला ह्वासाँगच्या ग्रामीण भागात १० जणींचे खून झाले. चित्रपट आला तेव्हा खुनी सापडलेला नव्हता. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हाही नव्हता. त्यामुळे माझं सगळं लक्ष 'तो कोण?' याच्यावर. पिकलेल्या भाताच्या शेतात प्रेत, गर्दी आवरत नाही, पुराव्याच्या पाऊलखुणेवरून ट्रॅक्टर निघून जातो. संशयिताला उडी मारून लाथ घालणारा पोलीस बघून तर मी हसलो होतो.

शेवटी पोलिसाची नोकरी सोडलेला नायक, म्हणजे अभिनेता साँग कांग-हो, थेट कॅमेऱ्यात बघतो. खुनी कधीतरी हा चित्रपट बघेल, त्याच्या डोळ्याला डोळा भिडावा, म्हणून बाँग यांनी ती नजर ठेवली होती.

सप्टेंबर २०१९ मध्ये जुन्या पुराव्यांवरच्या डीएनएमुळे ली चुन-जे हे नाव पुढे आलं. मेहुणीच्या खुनासाठी तो १९९४ पासून तुरुंगातच होता. त्याने या दहांसकट १४ खून कबूल केले. पण खटला भरण्याची १५ वर्षांची मुदत २००६ मध्येच संपली होती, त्यामुळे या दहा खुनांची शिक्षा त्याला झालीच नाही. चित्रपट त्याने तुरुंगात पाहिला होता. विशेष काही वाटलं नाही म्हणाला.

मला मात्र त्याच्यापेक्षा दुसराच माणूस छळतो. दहांपैकी आठवा खून, १९८८ मधला, १३ वर्षांच्या मुलीचा. त्यासाठी पोलिसांनी पोलिओने पाय अधू झालेल्या एका तरुणाला धरलं, झोपू न देता कबुली वदवून घेतली. जवळपास २० वर्षं तो आत होता. चित्रपट थिएटरांत गाजत होता तेव्हाही! डिसेंबर २०२० मध्ये न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवलं.

हे सगळं वाचल्यावर मी चित्रपट पुन्हा लावला. त्यात एक मतिमंद मुलगा आहे, चेहऱ्यावर भाजल्याचे डाग. पोलीस त्याला तळघरात मारतात, त्याच्याच बुटाने खोटी पाऊलखूण उठवतात. मग त्याच तळघरात सगळे मिळून टीव्हीवर पोलिसांची मालिका बघत नूडल्स खातात, आणि तोही त्यांच्यासोबत खुशीत खातो. मागच्या वेळी हा प्रसंग मला लक्षातही राहिला नव्हता. या वेळी तिथे मी टीव्ही बंद केला. उरलेला चित्रपट दुसऱ्या दिवशी पाहिला.