शब्दशंका : सोडणारे ‘लेट’ आणि अडवणारे ‘लेट’

प्रश्न : इंग्रजीतील ‘लेट’ या क्रियापदाचा अर्थ ‘करू देणे’ असा आम्ही शाळेत शिकलो. मग पासपोर्टावर ‘विदाउट लेट ऑर हिंड्रन्स’ असे का छापलेले असते? या शब्दाचा उगम आणि समानार्थी शब्दही सांगावेत. – एक वाचक, सांगली

उत्तर : आपली शंका अगदी रास्त आहे, कारण ही मुळात दोन निराळी क्रियापदे आहेत. जुन्या इंग्रजीत ‘लॅटन’ म्हणजे सोडणे, राहू देणे आणि ‘लेट्टन’ म्हणजे अडवणे, खोळंबा करणे. पुढे उच्चार झिजत जाऊन दोन्हींचे रूप एकच झाले आणि एकाच शब्दाला परस्परविरुद्ध अर्थ चिकटले. धारकास विनाअडथळा जाऊ द्यावे, अशी राष्ट्रपतींच्या नावाने जी विनंती पासपोर्टावर असते, तीत हा दुसरा, अडवणारा ‘लेट’ आहे. टेनिसमध्ये सर्व्हिसचा चेंडू जाळीला चाटून योग्य चौकोनात पडला की जो ‘लेट’ पुकारतात, तोही हाच. तो ‘नेट’चा अपभ्रंश नव्हे, शेजारच्या कोर्टावरचा चेंडू मध्येच घरंगळत आला, तरी व्यत्यय म्हणून ‘लेट’च देतात.

‘लेट्टन’ हा शब्द ‘मंद, उशिराचा’ या अर्थाच्या विशेषणापासून झाला. अडवणे म्हणजे मुळात उशीर करायला लावणे. ‘गाडी लेट आहे’ असे आपण म्हणतो, तो ‘लेट’ याच कुळातला. देवनागरीत दोन्ही सारखेच लिहिले जातात हा योगायोग, पण नाते खरे आहे. त्याहून मागे गेल्यास दोन्ही क्रियापदांच्या मुळाशी ‘सैल सोडणे, ढिले पडणे’ या अर्थाचा एकच धातू मानला जातो.

समानार्थी शब्दांपैकी ‘परमिट’ हा लॅटिनमधून आलेला, कायद्याच्या आणि कचेरीच्या भाषेत शोभणारा. ‘अलाऊ’ फ्रेंचमधून आलेला आणि त्याहून सौम्य. ‘लेट’ मात्र घरगुती. म्हणूनच ‘अलाऊ मी टु गो’, पण ‘लेट मी गो’. येथे ‘टु’ घालण्याची चूक आपल्याकडे वारंवार होते.

मला विशेष वाटते ते मराठीशी जुळणाऱ्या वळणाचे. ‘मला जाऊ दे’ यात जे ‘देणे’ आहे, तेच ‘खोली भाड्याने देणे आहे’ या पाटीवर असते आणि इंग्रजी पाटीवर त्या जागी ‘टु लेट’ असते. ‘लेट अलोन’ या वाक्प्रचाराला तर आपला ‘सोडाच’ नेमका बसतो : त्याला चालवत नाही, पळणे तर सोडाच.