वाचकांचे प्रश्न : क्रूस, रोम आणि तगरचे कापड

गेल्या अंकात प्राचीन रोमच्या उदयावर लेख प्रसिद्ध झाल्यानंतर सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून बरीच पत्रे आली. त्यांतील तीन प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : ज्या रोमन सत्तेने येशूला क्रुसावर चढवले, तिनेच पुढे त्याचा धर्म स्वीकारला. सम्राट कॉन्स्टंटाइनच्या आज्ञेमुळे हे घडले, असे आम्ही शाळेत शिकलो आणि पुढे मीही तसेच शिकवले. ते कितपत खरे आहे? (एक निवृत्त शिक्षिका, जुळे सोलापूर)

उत्तर : ते अर्धेच खरे आहे, आणि उरलेले अर्धे मला अधिक मोलाचे वाटते. येशूला मृत्युदंड झाला तो पंतय पिलात यहूदिया या रोमन प्रांताचा सुभेदार असताना, म्हणजे इ. स. २६ ते ३६ या काळात. कॉन्स्टंटाइनने रोमजवळच्या मिल्वियन पुलाची लढाई जिंकली आणि तो या धर्माकडे वळला तो ३१२ मध्ये. मधली पावणेतीनशेहून अधिक वर्षे हा धर्म राजाश्रयाशिवाय वाढला, आणि तो वाढवणाऱ्यांत हातावर पोट असलेली माणसे मोठ्या संख्येने होती.

संत पौलाचेच पाहा. तार्ससचा हा ज्यू मनुष्य जन्माने रोमन नागरिक होता आणि राहुट्या तयार करणे हा त्याचा व्यवसाय होता. बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात सांगितले आहे की, ग्रीसमधील करिंथ शहरात तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याकडे उतरला. त्यांचाही धंदा तोच असल्यामुळे तो त्यांच्याकडे राहून काम करू लागला. पुढे रोममध्ये याच जोडप्याच्या घरी उपासनेसाठी माणसे जमत, हे पौलाच्या पत्रावरून कळते. एका बाजूला माग आणि दुसऱ्या बाजूला संसार अशा सोलापूरच्या पूर्व भागातील विणकरांच्या घरांत जे वाढले, त्यांना हे घर कसे असेल ते समजावून सांगायला नको. पहिल्या पिढ्यांतील ख्रिस्ती लोकांना स्वतंत्र प्रार्थनामंदिरे नव्हती. कामाची जागा, राहण्याची जागा आणि उपासनेची जागा पुष्कळदा एकच असे. रोमने सैन्यासाठी बांधलेले रस्ते, चाच्यांपासून बऱ्याच अंशी मुक्त झालेला भूमध्य समुद्र आणि पूर्वेकडे सर्वत्र समजणारी ग्रीक भाषा यांचा या कारागिरांना फार उपयोग झाला.

छळ सतत आणि सर्वत्र चालू होता, हा समजही दुरुस्त करायला हवा. इ. स. ६४ मध्ये रोम जळाले तेव्हा सम्राट नीरोने दोष ख्रिस्ती लोकांवर ढकलून त्यांना भयंकर शिक्षा दिल्या, पण ते राजधानीपुरते होते. इ. स. ११२ च्या सुमारास आशिया मायनरमधील (आजच्या तुर्कस्तानातील) एका प्रांताचा सुभेदार धाकटा प्लिनी याने सम्राट ट्रेजनला या लोकांचे काय करावे असे विचारले, तेव्हा त्यांचा मुद्दाम शोध घेऊ नये आणि निनावी तक्रारी मुळीच स्वीकारू नयेत, असे उत्तर आले. मात्र आरोप सिद्ध झाला आणि आरोपीने देवांना नमन करण्यास नकार दिला, तर शिक्षा व्हावी, असेही त्याच उत्तरात होते.

साम्राज्यभर सक्ती आली ती २५० मध्ये, सम्राट डेशियसच्या हुकुमाने. प्रत्येकाने देवांना बळी अर्पण करावा, नैवेद्याचा घास घ्यावा आणि तसा लेखी दाखला मिळवावा, असा तो हुकूम होता. इजिप्तच्या कोरड्या वाळूत असे चाळीसहून अधिक दाखले सापडले आहेत. त्यांतील एक ऑरेलियस डायोजेनीस नावाच्या माणसाचा आहे. वय ७२, उजव्या भुवईवर व्रण, अशी ओळखीची खूण लिहून तो कळवतो की, मी देवांना नेहमीच अर्पण करीत आलो आहे आणि आता आपल्यासमोरही हुकुमाप्रमाणे केले आहे, तरी आपण तशी सही द्यावी. दाखला सर्वांनाच सक्तीचा असल्यामुळे हा म्हातारा ख्रिस्ती होता असे त्यावरून ठरत नाही. परंतु सरकारी कागदासाठी रांगेत उभे राहिलेल्या त्या माणसाच्या भुवईवरचा व्रण मला कोणत्याही लढाईच्या वर्णनापेक्षा अधिक जवळचा वाटतो.

तरीही माणसे टिकून राहिली, याचे एक मोठे कारण परस्पर साह्य हे होते. २५१ च्या सुमारास रोमचा बिशप (ख्रिस्ती धर्मप्रमुख) कॉर्नेलियस एका पत्रात लिहितो की, तेथील ख्रिस्ती मंडळी, म्हणजे धर्मसमुदाय, दीड हजारांहून अधिक विधवांना आणि गरजूंना पोसते. शंभर वर्षांनंतर जुन्या देवांची पुनर्स्थापना करू पाहणाऱ्या सम्राट ज्युलियनची तक्रारही हीच होती की, हे लोक आपल्या गरिबांबरोबर आमच्याही गरिबांना सांभाळतात. विरोधकाने दिलेली ही साक्ष असल्यामुळे ती अधिक विश्वसनीय आहे.

तेव्हा कॉन्स्टंटाइनने काय केले? ३१३ मध्ये त्याने आणि सहसम्राट लिसिनियसने मिळून सर्वांना उपासनेचे स्वातंत्र्य दिले आणि ख्रिस्ती मंडळ्यांच्या जप्त मालमत्ता परत करविल्या. ३२५ मध्ये त्याने निकाया येथे बिशपांची परिषद भरवली. ख्रिस्ती धर्माला राजधर्म केले ते त्याने नव्हे, तर ३८० मध्ये सम्राट थिओडोसियसने. दुःखाची गोष्ट अशी की, त्यानंतर काही वर्षांतच जुन्या देवळांतील पूजा आणि बळी यांवर बंदी आली. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी सक्तीच्या दाखल्यांचा जाच सोसला होता, त्यांच्याच धर्माच्या नावाने आता दुसऱ्यांवर सक्ती होऊ लागली. ४७६ मध्ये पश्चिमेकडील शेवटचा सम्राट पदच्युत झाला, तरी बिशपांच्या कारभारातून रोमची चौकट टिकली. आपल्याकडील चर्चच्या व्यवहारात बिशपच्या अखत्यारीतील प्रदेशासाठी आजही रूढ असलेला ‘डायोसीस’ हा शब्द मुळात रोमन शासनव्यवस्थेतील विभागाचे नाव होता.

प्रश्न : रोमशी आपल्या भागाचा कधी प्रत्यक्ष संबंध आला होता काय? (महाविद्यालयीन विद्यार्थी, बार्शी)

उत्तर : आला होता, आणि तो आपल्या गावापासून फार दूर नाही. धाराशिव जिल्ह्यात तेरणेच्या काठी असलेले तेर, म्हणजेच संत गोरोबाकाकांचे गाव, हे प्राचीन काळी ‘तगर’ नावाने प्रसिद्ध होते. इ. स. च्या पहिल्या शतकात इजिप्तमधील एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने समुद्री व्यापाराचे माहितीपुस्तक लिहिले. ते ‘पेरिप्लस’ या नावाने ओळखले जाते. त्यात पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठे शहर असल्याचे आणि तेथून साधे जाडेभरडे कापड व तऱ्हेतऱ्हेची मलमल बिकट वाटांनी गाड्यांवर लादून गुजरातमधील भडोच बंदराला नेली जात असल्याचे सांगितले आहे. भडोचहून जहाजे तांबड्या समुद्रात जात, तेथून माल उंटांवरून नाईल नदीपर्यंत आणि मग नावेने अलेक्झांड्रियाला पोहोचे. साम्राज्याच्या सीमेवर या मालावर चौथा हिस्सा जकात द्यावी लागे. पहिल्या शतकातील रोमन लेखक थोरला प्लिनी तक्रार करतो की भारत, चीन आणि अरबस्तान मिळून दरवर्षी रोमचे दहा कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) घेऊन जातात. त्या पैशातील काही वाटा आपल्या पठारावरच्या मागांपर्यंत आला असला पाहिजे, असे मानायला जागा आहे.

आपण तेरला जाऊन तेथील लामतुरे संग्रहालय अवश्य पाहावे. तेथे हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्ती आहे. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात १९३८ साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे साम्य अभ्यासकांच्या लक्षात आले आहे. पौल रोममध्ये आला त्या सुमारास आपल्या प्रदेशातील घडणीची वस्तू इटलीतील कोणाच्या तरी घरात मांडलेली होती, ही शक्यता मला फार मोलाची वाटते. मात्र एवढ्यावरून त्या काळी येथे ख्रिस्ती लोक आले होते, असा निष्कर्ष कोणी काढू नये. मालाचा माग लागतो, श्रद्धेचा लागत नाही.

प्रश्न : रविवारची सुट्टी ख्रिस्ती धर्मामुळे आली काय? (द्राक्षबागायतदार, नान्नज)

उत्तर : आपल्याकडे ती आली कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे; १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचाही वार आहे. परंतु रविवारच्या विश्रांतीचा पहिला सरकारी कायदा कॉन्स्टंटाइनचा, ३२१ सालचा आहे. त्यात त्याने ख्रिस्ताचे नाव घेतले नाही. ‘सूर्याचा पूज्य दिवस’ असे म्हणून न्यायाधीशांनी, शहरवासीयांनी आणि कारागिरांनी त्या दिवशी काम बंद ठेवावे असे फर्मावले. आपल्यासारख्यांना मात्र त्याने सूट दिली. धान्य पेरण्यास किंवा द्राक्षवेल लावण्यास त्याहून योग्य दिवस पुष्कळदा मिळत नाही, म्हणून शेतकऱ्याने रविवारीही खुशाल काम करावे, असे कारण त्या कायद्यातच लिहिलेले आहे.