चॅट आणि मेल कोर्टात द्यायचे असतील तर

ताई, नवऱ्याविरुद्धच्या केसमध्ये नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. समोरचा वकील पहिलं हेच म्हणणार की मधले मेसेज गाळलेत. व्हॉट्सअ‍ॅपमधून अख्खं चॅट एक्स्पोर्ट करा. तुम्ही रागात लिहिलेलंही त्यात राहू द्या. ईमेल फॉरवर्ड न करता मूळ मेल हेडरसकट (म्हणजे कुणी, कधी, कुठून पाठवला याच्या तांत्रिक नोंदीसकट) डाउनलोड करा. फोन विकू नका, रीसेट तर मुळीच नको.

प्रिंटआउटसोबत, हा पुरावा कोणत्या उपकरणातून कसा काढला हे सांगणारं प्रमाणपत्र लागतं. पूर्वी ते जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खाली असायचं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६३ आहे. प्रमाणपत्राचा भाग अ तुम्ही भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलचा डिजिटल ठसा, फाइल जराही बदलली की तोही बदलतो) दोन्हीत लिहावी लागते, त्यामुळे ती काढल्यावर फाइलला हातही लावू नका.

कुणी सांगेल, कौटुंबिक न्यायालयात एवढं लागत नाही. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १४ मुळे तिथे पुराव्याचे नियम सैल आहेत, हे खरं. तरी माझं मत, प्रमाणपत्र द्याच. सोबत छळाची फौजदारी केस असेल तर तिथे ही सवलत नाही.

आणि नवऱ्याचा पासवर्ड टाकून त्याचे मेल उघडू नका. आयटी कायद्याखाली तक्रार तुमच्यावरच होऊ शकते.