सफरचंदांचा वास कुणाचा?

प्रिय मुली,

तुझ्या माहितीपटाचा रफ कट दोनदा पाहिला. इराकी कुर्दिस्तानातल्या हलबजा गावची आजी झकास बोलते, पण मी अडकलो नातीपाशी. ती म्हणते, ‘आधी सफरचंदांचा वास आला.’ सद्दामच्या फौजेने हलबजावर केलेला रासायनिक हल्ला १६ मार्च १९८८चा. ही पोरगी त्यानंतर दहा वर्षांनी जन्मली, तीही बर्लिनमध्ये!

म्हणून ते वाक्य कापू नकोस. त्या दिवशी सुमारे ५,००० माणसं गेली. वाचलेल्या कित्येकांनी हाच वास सांगितलाय, आणि घरात ऐकून ऐकून तो हिच्याही नाकात बसलाय. पण तू ते वाक्य जुन्या फुटेजवर टाकलंयस. पाहणाऱ्याला वाटणार, ही तिथे होती. तिथे तिचाच चेहरा ठेव, मागचं बर्लिनचं स्वयंपाकघर दिसू दे. लगेच आजीचा शॉट जोड. वास सांगताना आजीचा हात आपोआप ओढणीकडे जातो, नातीचा जात नाही. तुझी फिल्म तिथे आहे.

सबटायटलमध्ये ‘नरसंहार’ का लिहिलंस? आजी म्हणते, गरमियान भागातल्या भावाला ‘अनफाल केलं’. सद्दामच्या राजवटीने कुराणातल्या आठव्या सूरेचं (अध्यायाचं) ‘अनफाल’ हे नाव कुर्दांविरुद्धच्या लष्करी मोहिमेला दिलं, आणि कुर्दांनी त्याचं क्रियापद केलं. माणूस नेला, परत आला नाही, कबरही नाही, हे सगळं त्यात येतं. शब्द तसाच राहू दे. न कळण्याइतका प्रेक्षक ढ नसतो.

सुलेमानियाच्या अम्ना सुराका या जुन्या तुरुंगातल्या संग्रहालयाचा, आरशांचा शॉट देखणा आहे. पण ते १,८२,००० तुकडे म्हणजे अनफालमधल्या बळींचा कुर्दांनी धरलेला आकडा. ह्यूमन राइट्स वॉचचा अंदाज किमान ५०,०००, कदाचित १,००,००० असा आहे. निवेदनात आकडा घेशील तर कुणाचा तेही सांग. नाहीतर उद्या कुणीतरी त्या एका आकड्यावरून आजीलाच खोटं पाडेल.

आजी बोलता बोलता थांबते, तिथलं संगीत काढ. (माझ्या पहिल्या फिल्ममध्ये मी अशाच जागी सारंगी घातली होती. आजही ऐकवत नाही.) मागे फ्रिज घुरघुरतोय, तेवढा पुरे.

आणि भाषांतर सोरानी (आजीची कुर्दी बोली) जाणणाऱ्या बाहेरच्या माणसाकडून तपासून घे. आजी मिनिटभर बोलते आणि नात ते दोन वाक्यांत उरकते. मधलं काय गाळतेय ते आधी कळू दे, मग पुढचा कट पाठव.

तुझा,
काका